न्यूयॉर्क दाटीचं, लॉस एंजेलिस ऐसपैस?

अमेरिकेतल्या पहिल्या दोन क्रमांकांच्या शहरांची दोन चित्रं आपल्या डोक्यात पक्की बसली आहेत. न्यूयॉर्क म्हणजे गगनचुंबी इमारती, पाय ठेवायला जागा नाही आणि भाडी ऐकून घेरी यावी अशी. लॉस एंजेलिस म्हणजे ताडाची झाडं, बंगले आणि दारात दोन गाड्या. २०२० च्या जनगणनेतले महापालिका हद्दीपुरते आकडे बघितले तर हे बरोबरच वाटतं: न्यूयॉर्कमध्ये दर चौरस किलोमीटरला ११ हजारांवर माणसं, लॉस एंजेलिसमध्ये जेमतेम ३,२००. पण बांधकाम काही महापालिकेची हद्द बघून थांबत नाही. जनगणना खातं उपनगरांसकट सलग वस्तीचा पट्टा वेगळा मोजतं आणि तिथे निकाल उलटा लागतो. लॉस एंजेलिसच्या पट्ट्यात १ कोटी २२ लाख लोक चौरस किलोमीटरला सुमारे २,९०० या दाटीने राहतात. न्यूयॉर्कच्या पट्ट्यात १ कोटी ९४ लाख लोक आहेत, पण दाटी २,३०० च्या आसपास. या हिशेबाने अमेरिकेतल्या मोठ्या नागरी पट्ट्यांपैकी सर्वांत दाट लॉस एंजेलिसचा ठरतो.

असं का, याचं उत्तर उपनगरांत आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनसारख्या गावांत आपली मराठी मंडळी मोठ्या संख्येने आहेत. ती गावंही न्यूयॉर्कच्या याच पट्ट्यात मोजली जातात. न्यू जर्सी, लाँग आयलंड, कनेटिकट इथल्या कित्येक गावांचे नियम अर्धा एकर, एक एकर यापेक्षा लहान प्लॉटवर घर बांधूच देत नाहीत. लॉस एंजेलिसच्या उपनगरांत मात्र ५० बाय १०० फुटांचा प्लॉट सर्रास दिसतो. एका बाजूला पॅसिफिक, दुसऱ्या बाजूला सॅन गॅब्रिएलचे डोंगर, आणि पाणी शेकडो किलोमीटरवरून आणलेलं. ओवेन्स खोऱ्यातून हे पाणी आणणारा कालवा १९१३ साली सुरू झाला. पाण्याची लाइन जिथवर तिथवरच वसाहत, असा मामला असल्यामुळे नवी घरं जुन्यांना खेटून उभी राहिली.

इथे कोणी म्हणेल, ही आकड्यांची चलाखी झाली. कनेटिकटच्या झाडीतले बंगले मॅनहॅटनच्या सरासरीत मिसळून काय सिद्ध होणार? आक्षेप रास्त आहे. म्हणून जनगणना खात्याने २०१० च्या आकड्यांवरून आणखी एक हिशेब मांडला: सर्वसाधारण रहिवासी ज्या वस्तीत राहतो तिथली दाटी किती? या मोजमापात न्यूयॉर्क महानगर चौरस किलोमीटरला १२ हजारांवर जातं, लॉस एंजेलिस ४,७०० च्या आसपास राहतं. तेव्हा दोन्ही विधानं खरी आहेत. न्यूयॉर्कची दाटी एका ठिकाणी शिगोशीग भरलेली, लॉस एंजेलिसची सगळीकडे सारखी पसरलेली. आणि दुसऱ्या प्रकारची दाटीच जास्त तापदायक, असं माझं मत आहे: रस्ते तुंबायला ती पुरते, पण दर पाच मिनिटांनी गाडी सोडणारी मेट्रो परवडायला पुरत नाही.

दुसरा गैरसमज उंचीचा: इमारती उंच म्हणजे माणसं जास्त. मॅनहॅटनमध्ये सर्वांत जास्त लोक होते ते १९१० साली, २३ लाखांवर. एम्पायर स्टेट बिल्डिंगचा तेव्हा पत्ताही नव्हता. लोअर ईस्ट साइडच्या पाच-सहा मजली इमारतींत, आपल्या लालबाग-परळच्या चाळींत कोंबावीत तशी, स्थलांतरितांची कुटुंबं भरलेली होती. आज मनोरे ढगांना टेकलेत आणि लोकसंख्या १७ लाखांच्या घरात उतरली आहे. उलट लॉस एंजेलिसच्या कोरियाटाऊन भागात चौरस किलोमीटरला १५ हजारांहून जास्त लोक राहतात, तेही बऱ्याच अंशी पन्नास-साठच्या दशकांत बांधलेल्या बुटक्या इमारतींत. खाली बारीक खांबांमध्ये गाड्या, वर दोन मजले प्लास्टरची सपाट भिंत, तिच्यावर वळणदार अक्षरांत इमारतीचं नाव. अशा एका बेडरूमच्या घरात एकाहून जास्त कुटुंबं राहणं तिथे नवलाचं नाही.

मग बाकीचं लॉस एंजेलिस शहर त्या मानाने मोकळं का? मोकळं ठेवलं म्हणून. १९६० च्या सुमारास लॉस एंजेलिसचे बांधकाम नियम जवळपास १ कोटी लोकांना पुरतील एवढी घरं बांधू देत होते. पुढे घरमालकांच्या संघटनांनी दबाव आणून ते आवळत नेले. १९८६ च्या ‘प्रपोझिशन यू’ या मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्तावाने बहुतेक व्यापारी भूखंडांवरचं अनुज्ञेय बांधकाम निम्म्यावर आणलं. २०१० पर्यंत मुभा ४३ लाखांच्या आसपास उरली. शहराची लोकसंख्या तोवर ३८ लाख झालेली. निवासी जमिनीचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कित्येक वर्षं एकेका बंगल्यासाठी राखीव होता. न्यूयॉर्कनेही १९६१ च्या नियमांत अशीच कात्री लावली होती, पण तिथे मुळात कापड बरंच होतं.

पैशाची गोष्ट याहून अनपेक्षित. २०१९ ते २०२३ च्या सरकारी पाहणीत मध्यम कौटुंबिक उत्पन्न दोन्ही शहरांत वर्षाला ८० हजार डॉलरच्या जवळपास होतं. मालकीच्या घराची मध्यम किंमत मात्र न्यूयॉर्कमध्ये साडेसात लाख, लॉस एंजेलिसमध्ये पावणेनऊ लाखांच्या घरात. भाडंही लॉस एंजेलिसचं किंचित जास्तच. मॅनहॅटनमध्ये आज घर शोधणाऱ्याला हे पटणार नाही, कारण नव्या करारांचं मध्यम भाडं तिथे महिना ४ हजार डॉलरच्या वर गेलं आहे. पण पाहणीत जुने भाडेकरूही येतात. न्यूयॉर्कमधली सुमारे १० लाख घरं, म्हणजे भाड्याच्या घरांपैकी जवळपास निम्मी, भाडेनियंत्रणाखाली आहेत. लॉस एंजेलिसमध्येही १९७८ पूर्वीच्या इमारतींना नियंत्रण आहे, पण कॅलिफोर्नियाच्या १९९५ च्या कायद्यामुळे भाडेकरू स्वतःहून जागा सोडून गेला की मालक नवं भाडं बाजारभावाने लावू शकतो. घरमालकांना १९७८ च्या ‘प्रपोझिशन १३’चं कवच: घर विकलं जाईपर्यंत मालमत्ता करासाठी त्याची किंमत वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. म्हणून शेजारच्या दोन सारख्या घरांचे कर कित्येक पटींनी वेगळे असतात. त्यात गाडीचा खर्च धरा. न्यूयॉर्कमधल्या निम्म्याहून जास्त कुटुंबांकडे गाडीच नाही. लॉस एंजेलिसमध्ये आठातल्या जेमतेम एका कुटुंबाचं तिच्यावाचून भागतं.

आणि फुटपाथवरचे तंबू? ते बघून लॉस एंजेलिसमध्ये बेघर जास्त, असं सगळे धरून चालतात. २०२४ च्या मोजणीत लॉस एंजेलिस काउंटीत सुमारे ७५ हजार बेघर होते, न्यूयॉर्क शहरात १ लाख ४० हजार. न्यूयॉर्कच्या आकड्यात नव्याने आलेले निर्वासित बरेच होते, हे खरं. पण २०२३ मध्येही तिथे ८८ हजार होते, आणि काउंटीची लोकसंख्या न्यूयॉर्क शहरापेक्षा जास्त आहे. उबदार हवेमुळे तंबू टिकतात, हेही खरं. तरी मोठा फरक कोर्टात पडला: १९७९ च्या एका दाव्यातून १९८१ साली झालेल्या तडजोडीने, मागेल त्याला रात्रीचा निवारा देणं न्यूयॉर्क शहरावर बंधनकारक झालं. लॉस एंजेलिसवर असं बंधन नाही. २०२४ च्या मोजणीत तिथले दहातले सात बेघर उघड्यावर मोजले गेले, न्यूयॉर्कचे बहुतेक सगळे शेल्टरमध्ये आणि शहराने भाड्याने घेतलेल्या हॉटेलांत.