आकाशातले मेंढरू की मासा?

उंच आभाळात कधी पांढरे, बारीक ठिपके ओळीने पसरलेले दिसतात. हे सिरोक्युम्युलस ढग. नाव लॅटिन: 'सिरस' म्हणजे केसांची बट, 'क्युम्युलस' म्हणजे रास.

ही नावे ल्यूक हॉवर्ड या लंडनच्या औषध-व्यावसायिकाची देणगी. १८०२ मध्ये त्याने ढगांचे वर्गीकरण मांडले. त्याच वर्षी लामार्कनेही फ्रेंच नावे सुचवली होती, पण ती मागे पडली. लॅटिन युरोपभरच्या विद्वानांना समजत असे, त्यामुळे हॉवर्डची नावे सर्वत्र रुजली.

लोकांनी मात्र आपापले बारसे केलेच! 👇

🐑 जर्मन: शेफ्शेनवोल्कन, म्हणजे मेंढीच्या कोकरांचे ढग. इटालियनांनाही मेंढ्याच दिसतात.
🐟 इंग्रजी: मॅकरल स्काय. मॅकरल म्हणजे आपल्या बांगड्याच्या जातकुळीतला मासा. त्याच्या पाठीवरच्या नक्षीवरून हे नाव.
🐟 जपानी: इवाशीगुमो, म्हणजे तारलीचा ढग. हायकूमध्ये हा शब्द शरद ऋतूची खूण मानतात.

गंमत म्हणजे ही लोकनावे बऱ्याचदा अल्टोक्युम्युलसलाही लावली जातात. लॅटिन 'आल्टस' म्हणजे उंच, पण प्रत्यक्षात हा ढग सिरोक्युम्युलसच्या खालीच असतो!

दोघांतला फरक ओळखायचा? सूर्य टाळून हात आकाशाकडे सरळ ताठ धरा. ढगाचा एकेक ठिपका करंगळीआड झाकला गेला तर सिरोक्युम्युलस. करंगळीपेक्षा मोठा, पण तीन बोटांत मावणारा असेल तर अल्टोक्युम्युलस.

तुमच्या गावाकडे अशा आभाळाला काय म्हणतात? कमेंटमध्ये नक्की सांगा.

#ढगांचीनावे #आकाशनिरीक्षण