दगडी : एक बोंबलणारी, एक मुकी

मागच्या वेळी एकीनं विचारलं होतं, "गाईला ताप नाही, कास सुजलेली नाही, मग एका सडाचं दूध कमी का झालं?" आज त्याचंच बोलू.

दगडीत सडातून ज्या गुठळ्या येतात, ते नुसतं नासलेलं दूध नसतं. त्यात गाईच्या रक्तातून कासेत धावून आलेल्या पांढऱ्या पेशी असतात. निरोगी सडाच्या एका मिलिलिटर दुधात त्या साधारण १ लाखाच्या आत असतात. जंतू शिरले की त्या कित्येक पटींनी वाढतात. पण कोणता जंतू शिरला, यावर पुढचं सगळं ठरतं.

शेणातला ई. कोलाय शिरला तर बोंब होते. त्याचं विष त्याच्या अंगावरच्या आवरणात असतं. गाईच्या पेशी ते लगेच ओळखतात आणि काही तासांत पेशींची फौज कासेत उतरते. ताप चढतो, कास सुजते, दूध पाण्यासारखं होतं. कधी कधी हा प्रतिकारच हाताबाहेर जातो. गाईचे कान गार पडतात, ती बसते ती उठत नाही. औषधानं जंतू मेला तरी फुटलेल्या जंतूतून विष सुटतंच, म्हणून डॉक्टर सलाईन आणि सूज उतरवायचं इंजेक्शनही देतात. अशा गाईला 'सकाळी बघू' म्हणून ठेवू नका. रात्री फोन करायला लाजू नका.

दुसरा स्टॅफिलोकोकस ऑरियस. हा आपल्या हातांवरून, फडक्यावरून, सडाच्या चिरांतून येतो. याची विषं पांढऱ्या पेशींनाच भोकं पाडतात. त्यातलं एक तर खास गाईगुरांच्या पेशींवर चालतं. हाका मारणारेच मेले, मग बोंब कोण मारणार? ताप नाही, दूध दिसायला स्वच्छ. काही जंतू पेशींच्या आत लपून बसतात, तिथं औषध पोचत नाही. कास हळूहळू आतून टणक होते. त्या ताईच्या गाईला बहुधा हेच झालं असावं.

मुकी दगडी घरी तपासता येते. अर्धा लिटर पाण्यात कपड्याच्या पावडरीचे तीन छोटे चमचे विरघळवा. चारही सडांचं दूध चार वाट्यांत घ्या, तेवढंच हे पाणी घालून हलवा. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं चिकट झालं तर त्या सडात पेशी वाढल्यात. साबणानं पेशी फुटतात आणि आतले धागे गुंततात, म्हणून ते घट्ट होतं. नुकत्या व्यालेल्या गाईचं पहिले काही दिवस तपासू नका, निकाल फसवा येतो. तपासलेलं दूध वासराला-कुत्र्याला घालू नका.

संशय आलेली गाय शेवटी पिळा. प्रत्येक गाईनंतर हात धुवा, पिळून झालं की सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा. लगेच पुढ्यात वैरण टाका, म्हणजे सडाचं तोंड मिटेपर्यंत, अर्धा-एक तास तरी, ती शेणात बसणार नाही.