पास दिल्याशिवाय पुढे नाही

टोरांटोच्या ॲबी हॉफमनला आइस हॉकी खेळायची होती. मुलींना संघात घेत नसत, म्हणून नऊ वर्षांच्या या पोरीने ‘ॲब’ असं नाव लावलं आणि मुलांच्या संघात बचाव फळीत उतरली. जन्मदाखला तपासताना खरं काय ते कळलं. १९५६ मध्ये प्रकरण ओंटारिओच्या न्यायालयात गेलं आणि निकाल तिच्याविरुद्ध लागला. हॉकीवेड्या कॅनडात मुलींनी बर्फावर फिगर स्केटिंग करावं, एवढीच तेव्हा लोकांची अपेक्षा होती.

सात वर्षांनी त्याच ओंटारिओत, नॉर्थ बे गावच्या क्रीडा-करमणूक विभागाचे प्रमुख सॅम जॅक्स यांनी मुलींसाठी ‘रिंगेट’ या बर्फावरच्या सांघिक खेळाची कल्पना मांडली. १९३६ मध्ये टोरांटोत फ्लोअर हॉकी घडवणारा हा माणूस. नवा खेळ घडवण्यात त्यांचा हातखंडा होताच. कागद गिरणीच्या एस्पानोला गावातले त्यांचे सहकारी ‘रेड’ मॅकार्थी यांनी पहिले नियम लिहून काढले. १९६३ मध्ये तिथल्याच हायस्कूलच्या मुली रिंगेटचा पहिला सामना खेळल्या.

सुरुवातीला वापरली ती डेक टेनिसची रबरी रिंग. महाराष्ट्रातल्या शाळांच्या मैदानांवर रिंग टेनिस खेळताना हातात असते, तीच जातकुळी. आता खास या खेळासाठी बनवलेली निळी रिंग असते. काठी सरळ, हॉकी स्टिकसारखं वाकडं पातं नाही. टोक रिंगच्या भोकात रोवायचं, दाब द्यायचा आणि रिंग ओढत स्केटवर धावायचं. ती हिसकावायची तर प्रतिस्पर्ध्याची काठी खालून वर उचलायची. मुद्दाम अंगावर जाऊन धडकलं तर शिक्षा ठरलेली. गोलरक्षक धरून प्रत्येक संघात सहाजणी.

खेळाचा जीव मात्र निळ्या रेषांत आहे. रिंकवर आडव्या दोन निळ्या रेषा असतात आणि रिंग घेऊन कुणालाही त्या ओलांडता येत नाहीत. रेषेपलीकडच्या सहकाऱ्याला पास द्यावाच लागतो. एखादी कितीही वेगवान असो, आपल्या गोलपासून समोरच्या गोलपर्यंत रिंग एकटीने नेणं तिला अशक्य. इतक्या साध्या नियमात इतकं सामर्थ्य असलेले खेळ फार थोडे असतील. नवख्या मुलीच्या काठीलाही रिंग लागतेच, कारण तिला वगळून डाव पुढे सरकत नाही. पहिल्यांदा सामना पाहणाऱ्याने म्हणूनच रिंगकडे टक लावण्यापेक्षा रिंग नसलेल्या खेळाडूंकडे पाहावं. पास घेण्यासाठी रेषेपलीकडे त्या कुठे, कधी पोचतात, यावरच हल्ला जमतो किंवा फसतो.

वेग राखायची तजवीजही नियमांतच आहे. वरच्या स्तरावर तीस सेकंदांत गोलवर फटका मारावाच लागतो. गोलसमोरच्या अर्धवर्तुळात गोलरक्षकाशिवाय कुणीही शिरायचं नाही, आणि रिंग हाती आली की तिनेही ती पाच सेकंदांत खेळात परतवायची. गोलजवळच्या टप्प्यात दोन्ही संघांच्या तीन-तीनच खेळाडूंना मुभा असते. त्यामुळे तिथे झुंबड उडत नाही, मोकळ्या जागा दिसतात, फटके सुटतात.

सॅम जॅक्स १९७५ मध्ये वारले. त्याच्या आदल्याच वर्षी राष्ट्रीय संघटना ‘रिंगेट कॅनडा’ उभी राहिली होती. त्यांच्या पत्नी ॲग्नेस पुढची कित्येक वर्षं स्पर्धांना हजर राहून मुलींची पाठ थोपटत राहिल्या. ‘ऑर्डर ऑफ कॅनडा’ हा सन्मान त्यांना मिळाला. खेळ रुजवणाऱ्यांत त्यांचं नाव सॅम यांच्या बरोबरीने घ्यायला हवं.

फिनलंडचा ऑलिंपिक हॉकीपटू युहानी वाहल्स्तेन याने १९७९ मध्ये हा खेळ तुर्कू शहरात नेला. तिथल्या मुलींनी तो असा आपलासा केला की कॅनडालाच धडकी भरली. १९९० चं पहिलं जागतिक अजिंक्यपद ओंटारिओतल्या ग्लॉस्टरमध्ये कॅनडाच्याच संघाने जिंकलं. पण २००४ पासून २०२३ पर्यंत मुख्य गटाचं प्रत्येक विजेतेपद फिनलंडकडे गेलं. १९९८ मध्ये महिला आइस हॉकी ऑलिंपिकमध्ये आली. रिंगेटला तो दरवाजा अजून उघडलेला नाही, तरी कॅनडाच्या गावोगावच्या रिंकवर हजारो मुली हॉकीच्या शेजारी हाच खेळ निवडतात.