'एक, अनेक और एकता'मधला व्याध म्हणजे कोण?

जाळ्यासकट उडून जाणारे पक्षी दूरदर्शन पाहत वाढलेल्या पिढीला नीट आठवतात. 'एक, अनेक और एकता' ही सुमारे सात मिनिटांची कार्टून फिल्म १९७४ सालची. दिग्दर्शन मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे यांचे, चित्रे आणि ॲनिमेशन भीमसेन यांचे, संगीत वसंत देसाईंचे. गाण्यात लहानग्या साधना सरगम यांचा आवाज आहे.

गोष्ट मात्र फार जुनी, पंचतंत्रातली. तिथे हे पक्षी म्हणजे पारवे आणि त्यांचा राजा चित्रग्रीव. सगळे एकदम उडतात, पारध्याच्या हातून निसटतात. पण जाळे अंगावरच असते. ते कुरतडतो हिरण्यक नावाचा उंदीर. तो मित्राला आधी सोडवू पाहतो, तर चित्रग्रीव म्हणतो की आधी माझ्या माणसांना सोडव, मग मला. फिल्ममध्ये राजा नाही, शहाणी चिमणी आहे. उंदीरही एका वाक्यात येऊन जातात. मुलांना एक-अनेक शिकवायचे होते, तेव्हा ही छाटणी समजण्यासारखी आहे. तरी राजाने आपली पाळी शेवटी ठेवणे गळाले, हे नुकसानच.

फिल्ममध्ये व्याध हा शब्द आल्यावर मुले लगेच विचारतात, व्याध कोण? दीदी सांगते, पक्षी पकडणारा. बस, एवढेच. मराठी गोष्टींत मात्र त्याच्या जागी सर्रास 'पारधी' येतो, वर आपणही तेच केले. बुलढाणा जिल्ह्यातल्या वर्गात हा शब्द इतका साधा राहत नाही. इथे पारध्यांचे बेडे आहेत आणि तिथली मुले त्याच बाकांवर बसतात. फासेपारधी हे नावच तितर-लाव्यांसाठी लावायच्या फाशांवरून पडलेले. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याखाली ज्या जमातींवर 'गुन्हेगार' असा शिक्का मारला, त्यांत पारधीही होते. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, संशय काही गेला नाही. मोठ्यांनी 'दुष्ट पारधी आला' असे वाचले की वर्गातल्या चार माना कुठे वळतात, हे शिक्षकांना सांगावे लागत नाही.

गोष्ट गाळायचे कारण नाही. ही फिल्म इंटरनेटवर आहे, मेहकर-खामगावच्या कुठल्याही शाळेत मोबाइलवर दाखवता येते. हिंदी चिडियाचा अर्थ कोणताही लहान पक्षी, आपल्या मुलांना ती चिमणी वाटेल, वाटू द्यावी. व्याधाचे मराठी करताना मात्र दीदीचेच उत्तर घ्यावे: पक्षी पकडणारा. आणि वेळ उरला तर हिरण्यकाची गोष्ट पुरती सांगावी, कारण एकीने पक्षी उडाले खरे, जाळे तोडायला दात लागले ते दुसऱ्या जातीच्या जिवाचे.