सेकंड टर्मला गैरहजर!

कॉफीत साखर एक चमचा की दोन? हा प्रश्न आपण दिवसातून चारदा ऐकतो. पण त्या चमचाभर साखरेपायी कुणाची शाळा सुटली असेल, हे आपल्या गावीही नसतं.

दिवाळीची सुट्टी संपली, की आपण पुन्हा डेडलाइन्सच्या मागे. त्याच सुमारास बीड, जालना, अहिल्यानगर भागातल्या वाड्या-तांड्यांवरून ट्रक-ट्रॅक्टर भरून निघतात. भांडीकुंडी, शेळ्या, कोंबड्या आणि पोरंसोरं. मुक्काम पश्चिम महाराष्ट्र, नाहीतर थेट कर्नाटक. परत यायचं मार्च-एप्रिलमध्ये.

जायचंच कशाला? शेती कोरडवाहू, गावात काम नाही आणि मुकादमाकडून घेतलेली उचल डोक्यावर. ती फेडायची तर ऊसच तोडायचा. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. दोघंही भल्या पहाटे फडात, मग पोरं कुणाजवळ ठेवायची? आजी-आजोबा असले तर ठीक, नाहीतर चला सोबत!

शाळेचं वर्ष जूनपासून, कारखान्याचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून. म्हणजे अख्खी सेकंड टर्म गुल. नाव गावच्या पटावर, पोरगं फडाजवळच्या कोपीवर. थोरली धाकट्याला सांभाळते, पाणी भरते, भाकरी थापते. कर्नाटकात गेलं, तर जवळची शाळा कन्नड. परतेपर्यंत वर्ग पुढे गेलेला असतो आणि 'आपल्याला काय जमत नाही' हे मनात पक्कं होतं.

मुलींचं तर आणखी अवघड. वयात आलेली पोर गावी एकटी ठेवायची भीती, फडावर न्यायचीही भीती. मग लग्न उरकतात. नवं जोडपं म्हणजे नवा कोयता. शाळेचा विषय तिथेच संपला.

यावर काहीच झालं नाही, असं नाही. कारखान्यांच्या आवारात साखरशाळा भरल्या. २०१० मध्ये शिक्षणहक्क कायदा लागू झाल्यावर जवळच्या नियमित शाळेत मुलांना घेण्यावर भर आला. आई-बाप फडावर असताना मूल गावातच शिकावं, म्हणून हंगामी वसतिगृहं आहेत. २०२१ मध्ये राज्य सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर केली.

गंमत म्हणजे, इथे खरा मुद्दा टायमिंगचा आहे. वसतिगृहाचं दार ट्रक निघायच्या आधी उघडायला हवं. एकदा का पोरगं ट्रकमध्ये चढलं, की ते वर्ष गेलंच म्हणून समजा.