गाथेच्या संपादकाची नात विम्बल्डनवर

सरकारी खर्चाने निघालेली तुकारामांची गाथा मराठी अभ्यासकांच्या कपाटात आजही सापडते. विष्णु परशुरामशास्त्री पंडितांबरोबर तिचं संपादन करणारे शंकर पांडुरंग पंडित मूळचे सावंतवाडीकडचे. अथर्ववेदाची सायणभाष्यासह प्रत त्यांनीच सिद्ध केली आणि पोरबंदरचे प्रशासक असताना स्वामी विवेकानंदांचा पाहुणचारही केला. १८९४ मध्ये ते गेले, तेव्हा त्यांची मुलगी क्षमा जेमतेम चार वर्षांची होती.

ही क्षमा म्हणजे पुढच्या पंडिता क्षमा राव. 'सत्याग्रहगीता' हे त्यांचं गांधीजींच्या लढ्यावरचं संस्कृत काव्य. इथल्या सरकारच्या राज्यात ते छापणं जोखमीचं, म्हणून १९३२ मध्ये ते पॅरिसला प्रसिद्ध झालं. संस्कृतच्या इतिहासात हे सगळं नोंदलेलं आहे. याच बाईंनी १९२७ मध्ये मुंबई इलाख्याच्या हार्ड कोर्ट स्पर्धेत महिला एकेरीचं विजेतेपद मिळवलं होतं, ही गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. अनुष्टुभ छंद आणि बॅकहँड एकाच घरात सुखाने नांदत होते. त्यांचे यजमान डॉ. राघवेंद्र राव मुंबईतले नामवंत डॉक्टर, कुष्ठरोगावर संशोधन करणारे. घरात पैसा होता, पुस्तकं होती आणि मुलीने मैदानात उतरण्याला कुणाची आडकाठी नव्हती. त्या काळी हे तिन्ही एकत्र मिळणं दुर्मिळच.

क्षमाबाईंची मुलगी लीला जन्मली १९११ मध्ये. तिचं शिक्षण बरंचसं घरीच झालं, काही इंग्लंड-फ्रान्समध्ये.

१९३४ च्या विम्बल्डनमध्ये पहिल्या फेरीत तिच्यासमोर इंग्लंडची ग्लॅडिस साउथवेल होती. पहिला सेट लीलाने ४-६ असा गमावला. दुसऱ्या सेटची कोंडी लवकर फुटेना. विम्बल्डनला टायब्रेक आला १९७१ मध्ये. तोवर सेट संपवायचा तर दोन गेमची आघाडी मिळवावीच लागे. तो सेट गेला असता तर सामनाही तिथेच संपला असता. लीलाने तो १०-८ असा ओढून आणला आणि तिसरा ६-२ असा सरळ खिशात घातला. तिच्याआधी जेनी सँडिसन विम्बल्डन खेळून आली होती, पण तिथे सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री ठरली लीला राव. पुढच्या फेरीत फ्रान्सच्या इदा अदामॉफने तिला हरवलं. १९३५ मध्ये ती पुन्हा गेली, तेव्हा पहिल्याच फेरीत एव्हलिन डिअरमनकडून हरून परतली.

तिची कारकीर्द या एका विजयावर तोलणं अन्यायाचं होईल. मायदेशी अखिल भारतीय एकेरीचं अजिंक्यपद १९३०च्या दशकात आणि १९४०च्या दशकाच्या सुरुवातीलाही वारंवार तिच्याकडे आलं. पण तो काळ हौशी टेनिसचा. करंडक मिळे, टाळ्या मिळत, पैसा नाही. विम्बल्डन व्यावसायिकांना खुलं झालं ते १९६८ मध्ये. डेन्मार्कच्या कॅरोलाइन वोझ्नियाकीशी ताडून पाहावं. ऑक्टोबर २०१० मध्ये ती जगात पहिली झाली, २०१८ मध्ये तिने ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली, २०२० मध्ये निवृत्ती घेतली आणि दोन मुलं झाल्यावर २०२३ मध्ये पुन्हा कोर्टवर उतरली. साडेतीन कोटी डॉलरच्या वर बक्षिसं आणि आठवड्या-आठवड्याचं मानांकन, सगळं संगणकात नोंदलेलं. लीलाबद्दल उरलं ते निकालांच्या तक्त्यांत आणि जुन्या वर्तमानपत्रांत.

१९४३ मध्ये तिने सनदी अधिकारी हरीश्वर दयाळ यांच्याशी लग्न केलं. पुढे ते राजनैतिक सेवेत गेले, नेपाळमध्ये भारताचे राजदूत झाले आणि १९६४ मध्ये एव्हरेस्टच्या पायथ्याच्या खुंबू भागात वारले. लीला दयाळ यांनी या काळात रॅकेटची जागा लेखणीला दिली: शास्त्रीय नृत्यावर संस्कृत आणि इंग्रजीत पुस्तकं, आईच्या कथांवरून संस्कृत नाटकं. प्रस्तुत लेखकाच्या मते हा त्यांचा दुसरा डाव पहिल्याइतकाच कसदार आहे. क्रीडा समीक्षक तो वाचत नाहीत आणि संस्कृतज्ञांना विम्बल्डनशी कर्तव्य नाही, म्हणून हे नाव दोन्हीकडून निसटलं.

नंतरची वाट विरळच. मुंबईच्या निरुपमा मांकड १९७१ मध्ये आनंद अमृतराजच्या जोडीने विम्बल्डनची मिश्र दुहेरी खेळल्या. खुल्या युगात ग्रँड स्लॅम एकेरीत भारतीय महिलेचा पहिला विजय यायला १९९८ उजाडलं. तो कोइमतूरच्या निरुपमा वैद्यनाथनचा, मेलबर्नमधला. आणि ऋतुजा भोसले जन्मली श्रीरामपुरात, म्हणजे उसाच्या आणि कालव्याच्या टापूत. अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळून ती परतली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाच्या साथीने तिने मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. पहिला सेट २-६ असा गेला होता; निर्णायक टायब्रेक १०-४.