गुडघ्याखालचं घरटं

पनवेलहून पेणच्या एसटीत बसलं, की थोड्याच वेळात कर्नाळा किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका खिडकीत दिसू लागतो. जुलैतल्या त्या सकाळी तो ढगात गडप होता. अभयारण्याच्या फाटकाशी उतरायचंय म्हटल्यावर कंडक्टरने एकदा माझ्या छत्रीकडे, एकदा गळ्यातल्या दुर्बिणीकडे पाहिलं. “एवढ्या पावसात कसले पक्षी?”

त्याचं चुकत नव्हतं. १९६८ साली जाहीर झालेलं हे १२.११ चौरस किलोमीटरचं अभयारण्य गजबजतं ते थंडीत. पाहुणे पक्षी तेव्हा येतात, शाळांच्या सहली तेव्हा येतात आणि किल्ला चढणारेही तेव्हाच. मी मात्र आलो होतो तिबोटी खंड्यासाठी, आणि त्याचं पंचांग नेमकं उलटं. मृगाच्या सुमारास तो कोकणात दाखल होतो आणि पावसाळा सरला की दक्षिणेची वाट धरतो.

पायाला तीनच बोटं, म्हणून तिबोटी. चोचीसकट जेमतेम १३ सेंटिमीटर, म्हणजे चिमणीहून लहान. पण रंग? पोट हळदीचं, डोक्यावर केशरीत मिसळलेली जांभळी झाक, पंख गर्द निळे, चोच आणि पाय पोवळ्यासारखे. एवढा नटलेला पक्षी जंगलात लपतो कसा, हे कोडं ओढ्याच्या सावलीत दहा मिनिटं बसल्यावर सुटतं. तिथला उजेडच इतका कमी, की रंग पेटतो तो क्षणभर. बाकी वेळ ते एक पिकलं पान.

सोबतचे वनमजूर काका पुढे चालत होते. मी सवयीने झाडांच्या शेंड्यांकडे मान वर करून. “वर काय बघताय? खाली बघा,” ते म्हणाले. घरटं आमच्या गुडघ्याहूनही खाली होतं. ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत, लोंबत्या मुळांआड एक भोक. पहिल्या पावसांनी माती भिजून मऊ झाली, की नर-मादी मिळून हे बीळ कोरतात. ते कधीकधी मीटरभर खोल जातं. पाऊस लांबला तर दरड कडक राहते आणि सगळंच लांबतं. फार झोडपला तर तीच दरड ढासळते. पहिली वीण वाया गेली, तर जोडी पुन्हा मांडामांड करते.

चार-पाच अंडी, सतरा-अठरा दिवसांची उबवण, ती आळीपाळीने. त्यानंतर साधारण वीस दिवस चाऱ्याच्या खेपा.

आम्ही बरंच लांब, एका खोडाआड टेकलो. डास यथेच्छ जेवत होते. काका कुजबुजत सांगत होते, की काहीजण फोटो चांगला यावा म्हणून बिळासमोर फांदी रोवतात, आडवी मुळं छाटतात. ती मुळं म्हणजे त्या घराचा पडदा. तो गेला की आतली पिल्लं उघड्यावर. माझ्याकडे कॅमेरा नव्हता याचं तेव्हा बरंच वाटलं, खरं सांगायचं तर थोडं वाईटही.

मग एक बारीक, धारदार शीळ आली. पाठोपाठ जमिनीलगत सरळ रेघ मारल्यासारखं काहीतरी गेलं आणि मुळावर थांबलं. चोचीत सापसुरळी होती, त्याच्या स्वतःच्या लांबीच्या अर्धी तरी. दोनदा मुळावर आपटली, तोंड पुढे येईल अशी फिरवली. कधी हा खेकड्याचं पिल्लू आणतो, कधी बेडूक, कधी कोळी. लगेच आत मात्र शिरला नाही. मान खालीवर करत आमच्या दिशेने बघत राहिला.

काका उठले. “आपण हललो तरच तो आत जाईल.”

आम्ही पाठ फिरवून ओढा ओलांडला. वळून पाहिलं तेव्हा मूळ रिकामं होतं आणि नुसतंच हलत होतं.